समोरच्या खोलीचा ताबा

उज्जैनला ज्याचं घर स्टेशनापासून पायी सात मिनिटांवर आहे, त्याला नातेवाईक कधी कमी पडत नाहीत. आमचं घर फ्रीगंजात आहे. आजेसासरे रेल्वेत होते, त्यांना ड्यूटीवर वेळेत पोचायचं होतं म्हणून त्यांनी स्टेशनाजवळ जागा घेतली. पुढच्या तीन पिढ्या त्यापायी चहा उकळत बसतील, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात आलं नसावं.

पुणे, नाशिक, नागपूर, बडोदा, कुठूनही गाडी येवो, तिच्यातून आमचं कोणीतरी उतरतंच. आधी फोन करायची पद्धत माझ्या सासरी नाही. दारात ई-रिक्षा थांबते, चार बॅगा आणि सहा माणसं उतरतात आणि त्यातलं सगळ्यात मोठं माणूस म्हणतं, "महाकालनं बोलावलं, निघालो." महाकालनं बोलावलं तर गाद्याही महाकालनंच घालाव्यात, हे दर वेळी माझ्या ओठांवर यायचं आणि दर वेळी मी मुकाट्यानं आधण ठेवायचे. मंदिराचा नवा कॉरिडॉर झाल्यापासून तर विचारूच नका.

या सगळ्यांसाठी समोरची खोली. घरातली सगळ्यात चांगली. रस्त्यावर उघडणाऱ्या दोन खिडक्या, ओट्यावर जायला वेगळं दार, उन्हाळ्यात थंड, थंडीत सकाळचं ऊन. तिथे आमच्यातलं कोणी राहत नव्हतं. तिथे राहत होत्या सत्तावीस गाद्या, भिंतीला लागून छतापर्यंत रचलेल्या, वर भैरवगढच्या छापाच्या चादरी झाकलेल्या. रजयांचं एक अवाढव्य लाकडी कपाट, जे मी लग्न होऊन आल्यापासून कधी हललेलं पाहिलं नव्हतं. मच्छरदाण्या, पन्नास माणसांचा भात होईल अशी दोन पातेली, आणि पाहुण्यांनी "पुढच्या वेळी नेऊ" म्हणून ठेवलेलं सामान. सासरे जाऊन दहा वर्षं झाली, पण त्यांचा नियम घरात होता. आपल्या दारातून कोणी परत जायचं नाही, समोरची खोली कायम तयार पाहिजे. बारा वर्षांनी सिंहस्थ यायचा तेव्हा ती खोली भरायची, आणि एरवी अधूनमधून. बाकीचे दिवस तिथे गाद्याच.

घरची माणसं उरलेल्या जागेत. वर दोन खोल्या. एकीत मी आणि नवरा, दुसरीत सासूबाई आणि माझी मुलगी. आजी नऊ वाजता दिवा मालवते म्हणून मुलीनं बारावीचा अभ्यास जिन्यात बसून केला. मी शाळेत गणित शिकवते. पंचवीस वर्षं मी पोरांचे पेपर गॅसच्या ओट्यावर तपासले आहेत आणि त्यातले काही हळदीसकट परत दिले आहेत.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझ्या नणंदबाई सांगतीलच.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात सासूबाई न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली, आणि आठव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. त्या दिवशी समोरच्या खोलीत नवऱ्याचे मामेभाऊ, त्यांची बायको, दोन मुलं आणि व्याही-विहीण उतरलेले होते. सोमवारची महाकालची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, बघायला आले होते. मामेभाऊ म्हणाले, "आम्ही हलतो की बाजूला." ते तोंडदेखलं होतं हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. नवरा म्हणाला, "छे छे, तुम्ही बसा निवांत." मग सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चार जणांनी खुर्ची उचलून सतरा पायऱ्या वर नेली. खुर्चीचा एक पाय मामेभावांनी धरला होता. ती हकिगत ते अजून लग्नाकार्यात सांगतात.

असली चूक आमच्यासारखीच माणसं करू शकतात. पाहुण्यांची गादी हलू नये म्हणून घरच्या म्हातारीला, ताज्या टाक्यांसकट, जिना चढवायचा. आणि मी काही वेगळी नव्हते. मी खुर्चीमागून उशी घेऊन चालत होते आणि म्हणत होते, "आठच दिवसांचा प्रश्न आहे, आई."

आठ दिवसांनी ते गेले, दुसरे आले. मग नवरात्र, मग दिवाळी. खाली आणू या, असं आम्ही म्हणायचो आणि सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं, कशाला परेशान होता. मला वरच बरं आहे." त्या ग्वाल्हेरच्या. कुणाला त्रास देणं म्हणजे पाप, अशा घरात वाढलेल्या. वर त्यांच्या खोलीला मागच्या बाजूला एक खिडकी, तिच्यातून शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी दिसते. ती टाकी बघत त्यांनी दहा महिने काढले.

सुरुवातीला दाराची कडी वाजली की वरून हाक यायची, "कोण आलंय?" दूधवाला आला तरी त्यांना कळायला हवं असायचं. मी वैतागायचे. पोळी तव्यावर आणि मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडतेय, "कोणी नाही, कुरियरवाला." मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत हाक आलेली नाही. मुद्दाम मीच दोनदा कडी वाजवून पाहिली. वरून काही नाही. वर गेले तर त्या जाग्या होत्या, पलंगावर बसलेल्या, टाकीकडे तोंड करून. "आई, कडी ऐकू नाही आली?" "आली ना." "मग विचारलं नाहीत?" त्या म्हणाल्या, "विचारून काय करू? माझ्याकडे थोडीच कोणी आलंय."

व्यायाम करून घ्यायला एक पोरगी यायची. तिनं त्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, "आंटी, इनको नीचे लाओ. यहाँ चार कदम की जगह नहीं है. ऐसे तो ये चलना भूल जाएँगी." मी खाली आले, समोरच्या खोलीचं दार उघडलं आणि त्या सत्तावीस गाद्यांकडे बघत उभी राहिले. मला भयंकर राग आला. गाद्यांना जागा होती, माणसाला नव्हती.

नवऱ्याला मी विचारलं नाही, सांगितलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. म्हटलं, समोरची खोली आईंची. जिन्याखाली त्यांच्यासाठी न्हाणीघर, कमोड आणि धरायला दांडे. नवरा वाईट माणूस नाही, पण वादळ दिसलं की तो आधी खिडकी बंद करतो. म्हणाला, "अगं, पण सिंहस्थ येतोय. आत्तापासून लोकांचे फोन येतायत." ते खरं होतं. सिंहस्थाला अजून दोन वर्षं होती आणि नागपूरच्या चुलतसासूबाईंनी आमची खोली सांगूनही ठेवली होती. म्हटलं, "त्यांना सांगा, खोली गेली." "कुठे गेली म्हणून सांगू?" "वर होती ती खाली आली, असं सांगा." तो गप्प बसला. गप्प बसणं म्हणजे होकार, असा अर्थ मी लावला. आमच्या संसारात हा अर्थ बऱ्याचदा लावावा लागतो.

पाहुण्यांच्या सामानाचं काय, हा पहिला पेच. मुलगी म्हणाली, फॅमिली ग्रुपवर टाक. आम्ही दोघींनी एकेका वस्तूचा फोटो काढला. एक पाळणा. तीन कॅन गंगाजल. भांडं नसलेला मिक्सर. किल्ली नसलेली सूटकेस. कॅरम. एका जोडप्याच्या लग्नाचा अल्बम, जे जोडपं मध्यंतरी वेगळंही झालं. खाली लिहिलं, ज्याचं त्यानं रविवारपर्यंत न्यावं, सोमवारी कबाडी येणार आहे. तासाभरात चाळीस उत्तरं आली. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी आलेले, "किती त्या आठवणी". पाळण्याखाली एकानं लिहिलं, "असू दे, लागतो." त्याचा धाकटा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. न्यायला मात्र कोणी आलं नाही. सोमवारी कबाडी आला.

असू दे, लागतं. या तीन शब्दांनी आमच्या लोकांची घरं भरली आहेत. काय लागतं, कधी लागतं, कुणाला लागतं, हे विचारायचं नाही. विचारणारी ती कजाग. ठीक आहे, मी कजाग.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत पुण्याहून नणंदबाईंचा फोन आला. त्या माझ्या नवऱ्यापेक्षा मोठ्या, मी त्यांना ताई म्हणते. ताईंचं आईवर प्रेम आहे, त्यात खोट नाही. त्या रोज सकाळी तिला व्हिडिओ कॉल करतात. पण व्हिडिओ कॉलवर जिना दिसत नाही.

"वहिनी, बाबांचा शब्द होता तो," ताई म्हणाल्या. "समोरची खोली मोडायची म्हणजे काय? आम्ही यायचं कुठे? माझं माहेर आहे ते."

"ताई, तुमचं माहेर वर बसलंय," मी म्हटलं. "दहा महिने झाले, जिना उतरलेलं नाही."

त्यांनी फोन ठेवला. नंतर मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शब्द मागे घ्यावे असं वाटलं नाही.

गाद्या रामघाटाजवळच्या एका धर्मशाळेला दिल्या. व्यवस्थापक आनंदानं हो म्हणाले. लोडिंग रिक्षाच्या चार खेपा झाल्या. शेजारच्या भाभी ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "मकान बेच रहे हो क्या?" म्हटलं, "नहीं भाभी, रहने आ रहे हैं."

गाद्या खाली पडल्याचे धप धप आवाज वर जात होते. दुपारी मी सासूबाईंचं ताट घेऊन वर गेले तर त्यांनी ताटाकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "मला विचारलंस?"

"नाही विचारलं."

"का?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

त्यांनी जरा विचार केला. "हो, म्हणाली असती," त्या म्हणाल्या. "घर पाहुण्यांनी शोभतं. तुझ्या सासऱ्यांनी जन्मभर पाळलं. आता लोक म्हणतील, म्हातारीनं खोली अडवली." मग तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नातीमार्फत निरोप यायचे, आजीला पाणी हवंय, आजीला वरण नको. मीही हट्टी, मीही नातीमार्फतच उत्तरं दिली. पोरगी जिन्यातून वरखाली करून थकली.

काम सुरू होतंच. ठेकेदार भला होता, पण त्याच्याकडे वास्तुशास्त्र फार. जिन्याखाली संडास ऐकून त्यानं कानाला हात लावला. "मैडम, ये कोना ईशान का है, घर में बरकत नहीं रहेगी." मी म्हटलं, "भैया, घर की बरकत ऊपर बैठी है, उसे रात में बाथरूम जाना पड़ता है." त्यानं केलं मग. खिडकीची चौकट एक हात खाली घेतली, पलंगावर पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून. स्वयंपाकघराच्या आणि त्या खोलीच्या मधल्या भिंतीत ताट आरपार जाईल एवढा चौकोन फोडला. नवऱ्यानं विचारलं, हे कशाला? म्हटलं, आईंना मेथी निवडायला देता येईल आणि मला बोलायला कोणीतरी मिळेल. उरलेल्या कोपऱ्यात खिडकीला लागून एक लांब टेबल. अर्ध्यावर माझे पेपर, अर्ध्यावर घरचे कागद. पंचवीस वर्षांनी मला खुर्ची मिळणार होती.

रजयांचं कपाट शेवटी निघालं. इतकं जड की चार मजुरांनी जागेवरच खोललं. मी तेव्हा स्वयंपाकघरात सगळ्यांचा चहा गाळत होते. भिंतीतल्या नव्या चौकोनातून मिस्त्रीचा आवाज आला, "मैडम, पीछे एक आला है. भर दें क्या?" आला म्हणजे कोनाडा. मी म्हटलं, भर दो, दीवार बराबर कर दो. तो म्हणाला, "इसमें एक कंघी पड़ी है, लकड़ी की." तीन आठवडे मी वस्तू फेकत होते. हात त्याच लयीत होता. न बघताच म्हटलं, "फेंक दो."

जूनच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या आत, सासूबाईंना खाली आणलं. तीच प्लास्टिकची खुर्ची, त्याच सतरा पायऱ्या. या वेळी मिस्त्री, दोन मजूर आणि माझा नवरा. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. खाली खुर्ची टेकली तेव्हा डोळे उघडले आणि खोलीभर नजर फिरवली. नव्या चुन्याचा वास येत होता. रस्त्यावरून उसाच्या रसवाल्याची घंटा ऐकू येत होती. मी वाट बघत होते, एक तरी बरा शब्द निघेल म्हणून. त्यांनी वॉकर धरला, पलंगापाशी गेल्या, बसल्या, आणि मागे न वळता उजवा हात भिंतीवर टेकवला. हात भिंतीवरून थोडा फिरला.

"इथे कोनाडा होता," त्या म्हणाल्या.

"बुजवला, आई. कपाटामागे होता. मला वाटलं, जुना दिव्याचा असेल."

"दिव्याचा नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. मला खरं सांगायचं तर संताप आला. म्हटलं, सगळं घर पालथं घातलं आणि बाईंना दिसला काय, तर कोनाडा.

पण पंधरा दिवसांत घर बदललं. सकाळी मला अंथरुणातच आवाज यायचा, "अरे भैया, कल की भिंडी में कीड़े थे." भाजीवाल्याला त्या खिडकीतूनच झापत. दूधवाला उशिरा आला, शाळेची बस आज भरून गेली, भाभींकडे नवा फ्रिज आला, सगळ्या खबरा भिंतीच्या चौकोनातून मला पोळ्या लाटताना मिळायला लागल्या. कडी वाजली की मी विचारायचे, "कोण आलंय?" आणि उत्तर त्या द्यायच्या. जुलै संपेपर्यंत वॉकर धरून त्या ओट्यापर्यंत जायला लागल्या. व्यायामाची पोरगी म्हणाली, आंटी, चमत्कार. चमत्कार कसला. सोळा फूट मोकळी फरशी.

मुलीनं वरच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर चार भिंती झाल्या होत्या. ती कडी ती विनाकारण लावायची आणि काढायची.

मग श्रावण आला. ताईंनी ग्रुपवर लिहिलं, सोमवारच्या सवारीला येतोय, सहा जण. मी लगेच खाली लिहिलं, जेवायला सगळे या, राहायला टॉवर चौकाजवळ हॉटेल आहे, सांगा, खोल्या ठरवून ठेवते. त्यावर सात जणांनी हात जोडले. ताईंनी काही उत्तर दिलं नाही. रविवारी सकाळी दारात दोन ई-रिक्षा थांबल्या आणि ताई, त्यांचे यजमान, मुलगा, सून, व्याही आणि विहीणबाई बॅगांसकट उतरले.

मी ओट्यावर आले आणि दारात उभी राहिले. पंचवीस वर्षांत मी त्या दारात कुणालाही अडवून उभी राहिले नव्हते. आज राहिले. म्हटलं, "या, चहा टाकते. बॅगा रिक्षातच राहू द्या, हॉटेल लांब नाही."

ताईंनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. पलंग, वॉकर, दांडे, टेबल. गाद्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. विहीणबाईंसमोर मानहानी झाली होती, ते मला कळत होतं. त्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. "आईला रस्त्यावर आणून ठेवलीस," ताई म्हणाल्या. "आणि आम्हाला लॉजवर पाठवतेस. बाबा असते तर ही वेळ आली नसती."

"बाबा असते तर मी अजून वर असती," आतून आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. सासूबाई वॉकर धरून उभ्या होत्या. कुणीही उठवलं नव्हतं, स्वतः उठल्या होत्या. ताई आत धावल्या. सासूबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"ऐक आधी," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आली तेव्हा ही खोली आम्हाला दिली होती. एकवीस दिवस राहिली मी इथे. त्या भिंतीत कोनाडा होता, त्यात माझी फणी असायची. मग सिंहस्थ आला. तुझ्या आजोबांच्या गावाकडची माणसं आली. तुझे बाबा म्हणाले, आठ दिवस वर जाऊ. म्हटलं, बरं. फणी पण नेली नाही मी. आठ दिवसांसाठी कशाला न्यायची? खाली आली, तर कोनाड्यापुढे रजयांचं कपाट उभं केलेलं."

"मग म्हणायचं होतंस," ताई म्हणाल्या.

"नवी सून काय म्हणणार, कपाट हलवा? पुढे तू झालीस. पुढे सवय झाली." त्यांनी वॉकरवरची पकड बदलली. "आठ दिवसांसाठी वर गेली होती मी. पाच सिंहस्थ झाले."

विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझा नवरा जिन्याच्या पहिल्या पायरीवर खाली बसला. आदल्या श्रावणात खुर्ची वर नेताना मीही आठच दिवस म्हटलं होतं, तेच शब्द, त्याच जिन्यात. तेव्हा त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं होतं ते मला आत्ता आठवलं. मी तेव्हा उशी सावरत होते.

"असेल कुठे ती फणी," ताई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी कशी राहील."

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मग माझ्यात आणि त्या कपाटात फरक काय राहिला असता?

"होती," मी म्हटलं. "कोनाड्यातच होती. मिस्त्रीनं विचारलं, मी न बघता फेक म्हटलं. चुकले, आई."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा तीन दिवस नातीमार्फत. त्या म्हणाल्या, "सत्तावीस गाद्या काढणारीच्या हातून फणी कशी वाचायची? नवी आण. पण कोनाडा उघडून दे मला."

पाच जण हॉटेलात गेले. संध्याकाळी जेवायला आले तेव्हा विहीणबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "बरं केलंत हो. तिथे एसी आहे, आणि अंघोळीला रांग नाही." इतकी वर्षं आम्ही ज्यांच्यासाठी झिजलो त्यांना बहुधा हेच हवं होतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं.

ताई मात्र आपली बॅग घेऊन ओट्यावरच उभ्या होत्या. पंचावन्न वर्षांची बाई, आणि चेहरा रुसलेल्या पोरीचा. "मी कुठे झोपू?" त्यांनी विचारलं.

सासूबाई पलंगावर जरा सरकल्या. "माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "पाहुणी आहेस का तू?"

दुसऱ्या आठवड्यात मी मिस्त्रीला परत बोलावलं. "अभी तो भरवाया था," तो म्हणाला. म्हटलं, "हाँ, भरवाया था. अब तोड़ो." त्यानं कपाळावर हात मारला आणि भिंत फोडली. फणी मी फ्रीगंजात मिळेल ती आणली, लाकडीच, पण जुन्यासारखी नसणार. सासूबाईंनी ती विंचरून बघितली, दात जरा टोचतात म्हणाल्या, आणि मागे न बघता हात नेऊन कोनाड्यात ठेवली.

परवा नागपूरच्या चुलतसासूबाईंचा फोन आला. सिंहस्थाला बारा माणसं, समोरची खोली आमचीच ना, विसरू नको. मी ओठ उघडले होते. भिंतीच्या चौकोनातून एक हात आला, मेथीचा देठ अजून बोटांत होता, आणि त्या हातानं माझ्याकडून फोन मागून घेतला.

"या ना, जेवायला सगळे या," सासूबाई म्हणाल्या. "खोली नाही मिळणार. नाही, कोणाला दिली नाही. मी राहते तिथे."